अमीबाला रविवार कळत नाही

पत्र

नमस्कार डॉक्टर. आमचे हे ४७ वर्षांचे, बँकेत आहेत. गेली अठरा वर्षं त्यांना अमिबिक आहे. सकाळी ऑफिसला निघेपर्यंत तीन-चारदा जावं लागतं, पोटात गुरगुरतं, अधूनमधून आव पडते. रक्त कधी पडलेलं नाही, वजनही उतरलेलं नाही. वर्षातून तीनदा तरी मेट्रोच्या गोळ्यांचा कोर्स होतो. पंधरा दिवस बरं वाटतं, की पुन्हा तेच. मुलगी हॉस्टेलला जाणार म्हणून गेल्या महिन्यात घरातल्या सगळ्यांचीच संडासची तपासणी करून घेतली. ह्यांच्या आणि मुलीच्या, दोघांच्याही रिपोर्टमध्ये ‘एन्टअमीबा हिस्टोलिटिकाच्या सिस्ट दिसल्या’ असं आलंय. मुलीला तर काहीच त्रास नाही. सासूबाई म्हणतात, पोळ्यांच्या मावशींमुळेच हे घरात आलं, त्यांना बंद करा आणि सगळ्यांनी जंताचं औषध घ्या. माझ्या चुलत सासऱ्यांच्या लिव्हरमध्ये अमिबिक गळू झालं होतं, सुई घालून पू काढावा लागला होता, त्यामुळे सगळेच घाबरलेत. दोन वर्षं आमच्याकडे कोशिंबीर झालेली नाही. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो रिपोर्ट नव्हे, ‘ऑफिसला निघेपर्यंत’ हे दोन शब्द. यजमानांना एक विचारा: रविवारी किती वेळा जावं लागतं? हा प्रश्न मी दवाखान्यात रोज कुणाला तरी विचारतो, आणि पेशंट जरा ओशाळून सांगतो, ‘रविवारी एकदाच. तेही आरामात, पेपर वाचून झाल्यावर.’ अमीबाला रविवार कळत नाही. आपल्या आतड्याला मात्र कळतो, बँकेची ऑडिटची तारीखही कळते.

आपल्याकडे ‘मला अमिबिक आहे’ हे लोक ‘मी मूळचा कोकणातला’ अशा सुरात सांगतात. एकदा लागलं की जन्मभराचं. त्यातल्या बऱ्याच जणांना अमीबाचा आजार नसतो, आणि खरोखर ज्यांना असतो त्यांचे उपचार अर्धवट झालेले असतात. तुमच्या घरात यातलं काय आहे ते आत्ताच्या रिपोर्टवरून सांगता येत नाही. का, ते जरा सविस्तर सांगतो.

अमीबा हा एकपेशीय परजीवी. १८७५ साली सेंट पीटर्सबर्गच्या लॉश नावाच्या डॉक्टरने आमांशाने बेजार झालेल्या एका तरुण शेतकऱ्याच्या विष्ठेत तो पाहिला आणि त्याचं वर्णन लिहिलं. तेव्हापासून एक कोडं होतं. अमीबा पोटात असलेली माणसं पुष्कळ, आजारी पडणारी थोडी. १९१३ साली मनिलाच्या बिलिबिड तुरुंगात वॉकर आणि सेलार्ड्स या दोघांनी वीस कैद्यांना अमीबाच्या सिस्ट (म्हणजे त्याचं कवचात झोपलेलं रूप) खायला घातल्या. (कैदी स्वखुशीने तयार झाले होते म्हणतात. तुरुंगातली स्वखुशी!) अठरा जणांना संसर्ग झाला. आमांश झाला तो फक्त चौघांना. बाकीचे चौदा जण पोटात अमीबा घेऊन ठणठणीत हिंडत होते.

१९२५ मध्ये एमिल ब्रुम्प्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने सुचवलं की हे मुळात दोन वेगळे जीव असावेत. एक रोग करणारा, दुसरा निरुपद्रवी, दिसायला मात्र जुळे. जवळजवळ सत्तर वर्षं त्याचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९९३ मध्ये डायमंड आणि क्लार्क यांनी जनुकं आणि प्रथिनं तपासून सिद्ध केलं की ब्रुम्प्ट बरोबर होता. रोग करणारा तो एन्टअमीबा हिस्टोलिटिका, त्याचा गरीब जुळा भाऊ एन्टअमीबा डिस्पार. हा डिस्पार आतड्यात राहतो, खातो-पितो आणि कुणाला त्रास देत नाही. पुढे १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी मेक्सिको सिटीत बसून ठरवलं की नुसत्या मायक्रोस्कोपखाली सिस्ट दिसल्या तर रिपोर्टमध्ये ‘हिस्टोलिटिका किंवा डिस्पार’ असं लिहावं, आणि त्रास नसलेल्या माणसाला तेवढ्यावरून औषध देऊ नये.

या गोष्टीला पंचवीस वर्षं उलटून गेली. आपल्याकडच्या कितीतरी लॅबच्या छापील नमुन्यावर अजून एकच नाव आहे. त्यामुळे तुमच्या हातातल्या रिपोर्टचा खरा अर्थ एवढाच: ‘चार केंद्रकांची, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी एक गोल सिस्ट दिसली. कुठल्या भावाची, माहीत नाही.’

त्यातही ती सिस्टच होती का, हा आणखी एक प्रश्न. मी शिकाऊ डॉक्टर असताना आमच्या वॉर्डाशेजारी एक छोटी लॅब होती. तिथले टेक्निशियन निवृत्तीला आलेले. एकदा मी मोठ्या उत्साहात स्लाइडवर अमीबा दाखवला. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, ‘चालतोय का?’ मी म्हटलं, नाही. ‘मग ती पू-पेशी आहे. बसा.’ तासाभराने एका बाईंचा ताजा, अजून कोमट असलेला नमुना आला. त्यांनी सलाइनचा एक थेंब टाकला, काच ठेवली आणि मला खुर्चीत बसवलं. आधी काहीच कळेना. मग एका पारदर्शक ठिपक्याने एका बाजूने बोट काढलं, बाकीचं अंग त्या बोटात ओतलं आणि तो पुढे सरकला. पोटात पाच-सहा तांबड्या पेशी, गिळलेल्या. तो खरा हिस्टोलिटिका. आमांशात आपल्या आतड्याची भिंत खातो तो हा. हे चालतं-फिरतं रूप शरीराबाहेर फार टिकत नाही, म्हणून पातळ जुलाबाचा नमुना अर्ध्या तासात बघावा लागतो. सकाळी सातला डबी भरायची, वाटेत दूध घ्यायचं, साडेनऊला लॅबमध्ये द्यायची आणि बाराला कुणीतरी बघायचं, यात काय हाती लागणार?

म्हणून आधी एवढं करा. दोघांच्या विष्ठेची अँटिजेन चाचणी (अमीबाची प्रथिनं शोधणारी) करून घ्या, किंवा सोय असेल तर पीसीआर. सांगलीत लॅब नमुना बाहेर पाठवेल. पैसे भरण्याआधी फोन करून विचारा: ‘तुमची चाचणी हिस्टोलिटिका आणि डिस्पार वेगळे ओळखते का?’ काही किट नाही ओळखत, मग त्या खर्चाला अर्थ नाही. रक्तातल्या अँटिबॉडीची चाचणी यासाठी करू नका. एकदा होऊन गेलेल्या संसर्गाची खूण रक्तात वर्षानुवर्षं राहते, त्यावरून आज आतड्यात काय आहे ते कळत नाही.

मुलीचं. चाचणीत डिस्पार निघाला तर काहीही करायचं नाही, हॉस्टेलची तयारी करा. हिस्टोलिटिका निघाला तर मात्र त्रास नसला तरी औषध द्यायचं. कारण अशा मूक वाहकांपैकी साधारण चार ते दहा टक्के लोक वर्षभरात आजारी पडतात, आणि तोवर सिस्ट बाहेर पडत राहतात. पण तिला मेट्रो नको. तिला हवं ते वेगळं औषध. यातच तुमच्या यजमानांच्या अठरा वर्षांचंही थोडं उत्तर आहे.

अमीबा दोन जागी राहतो: आतड्याच्या भिंतीत घुसलेला, आणि मोठ्या आतड्याच्या पोकळीत. मेट्रोनिडॅझॉल, तुमचा मेट्रो, गिळला की जवळजवळ सगळा वरच्या आतड्यातच रक्तात शोषला जातो. रक्तातून तो आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात जोरात पोचतो. ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाच्या आत शिरला की तिथेच त्याचं विष तयार होतं आणि ते त्या जिवाचा डीएनए तोडतं. आपल्या पेशी ऑक्सिजनवर चालतात म्हणून आपण वाचतो. मूळचं ते योनिमार्गातल्या ट्रायकोमोनस या दुसऱ्या एकपेशीय परजीवीवरचं औषध. १९६६ मध्ये डर्बनच्या डॉक्टरांनी ते अमीबावर वापरून दाखवलं आणि त्याआधीची एमेटिनची इंजेक्शनं मागे पडली. एमेटिनही आपल्याच देशातली कथा, १९१२ मध्ये कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी ती रूढ केली. गुणकारी, पण हृदयावर बेतणारी. जुने डॉक्टर सांगत, इंजेक्शन चालू असेतो पेशंटला खाटेवरून उतरू द्यायचं नाही.

तर मेट्रो भिंतीतल्या अमीबाचा फडशा पाडतो, पण पोकळीत पुरेसा उतरत नाही. भिंतीतली वाळवी मेली, अंगणातली तशीच. नुसता मेट्रो घेतलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांच्या आतड्यात अमीबा शिल्लक राहतो. म्हणून खऱ्या अमिबिक आजाराचा उपचार दोन टप्प्यांचा: आधी मेट्रोनिडॅझॉल किंवा टिनिडॅझॉल, आणि त्यानंतर पोकळी साफ करणारं डायलोक्झनाइड फ्युरोएट (मोठ्यांना ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दहा दिवस) किंवा पॅरोमोमायसिन. हा दुसरा टप्पा आपल्याकडे सर्रास राहतो. तोंडाला आलेली ती तांब्याच्या नाण्यासारखी चव गेली, पोट शांत झालं, की माणूस चिठ्ठी खिशातच ठेवतो. काही वेळा चिठ्ठीवरच ते नसतं, हेही खरं. मूक वाहकाला फक्त दुसरा टप्पा लागतो. मुलीसाठी मी म्हणतोय ते हे. डोस अर्थातच तुमचे डॉक्टर ठरवतील, दुकानदार नव्हे.

आता यजमान. सुट्टीच्या दिवशी निवांत, कामाच्या दिवशी धावपळ, जाऊन आल्यावर बरं वाटणं, अठरा वर्षांत वजन जसंच्या तसं: हे चित्र मला आयबीएसचं वाटतं. आयबीएस म्हणजे आतडं बिघडलेलं नसतं, तापट झालेलं असतं. जेवण पोटात पडलं की मोठ्या आतड्याला हलण्याचा इशारा जातो. तो सगळ्यांनाच जातो, यांच्यात तो आरडाओरडा होतो. कधीकाळी खरा आमांश होऊन गेल्यानंतरही आतडं असं तापट राहू शकतं, तेव्हा अठरा वर्षांपूर्वीचा पहिला डॉक्टर चुकला असेलच असं नाही. आणि आव म्हणजे अमीबा नव्हे. आतड्याचं अस्तर शेंबूड रोजच बनवतं, घाई झाली की तो दिसतो, एवढंच.

मग मेट्रोने पंधरा दिवस बरं कसं वाटतं? एक तर हा त्रास लाटेसारखा असतो. माणूस गोळी घेतो ती लाट सगळ्यात वर असताना, ती ओसरणारच असते. दुसरं, मेट्रो आतड्यातले जिवाणूही मारतो, त्यामुळे गॅस काही दिवस कमी होतो. आणि तिसरं, कोर्स चालू असताना तुम्ही त्यांना काय वाढता? मऊ भात, मुगाची खिचडी, ताक. बाहेरची मिसळ बंद, कँटीनचे चार चहा बंद. श्रेय गोळीला जातं.

अठरा वर्षं, वर्षाला तीन, म्हणजे पन्नासच्या वर कोर्स झाले. हे थांबवा. मेट्रो वारंवार आणि लांबत गेला तर पायांच्या नसांना इजा होऊ शकते. तळपायांना मुंग्या येतात का, बधिरपणा वाटतो का, हे आजच विचारा, आणि असेल तर डॉक्टरांना सांगा.

मी लांबून आयबीएसचा शिक्का मारून मोकळा होणार नाही. वय ४७ आहे. रक्त, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, ताप, रक्तक्षय, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं एक जरी असेल तर पोटविकारतज्ज्ञांकडे जा आणि कोलोनोस्कोपीला नाही म्हणू नका. यातलं काही नसलं तरी एकदा हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि विष्ठेतलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याला सूज असेल तर वाढणारं प्रथिन) बघून घ्यावं. दूध आठ दिवस बंद करून पाहा. दुधातली साखर न पचणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत आणि त्यातली निम्मी स्वतःला अमिबिक समजतात. (निम्मी हा माझा अंदाज, दवाखान्यातल्या खुर्चीतून केलेला.) आंबट-घाण ढेकर, तेलकट, तरंगणारी, फार वास मारणारी संडास असेल तर जिआर्डिया आठवावा. तोही एकपेशीय. लेव्हेनहुकने १६८१ मध्ये स्वतःच्याच जुलाबात तो पाहिला होता. त्यावर टिनिडॅझॉल चांगलं चालतं.

एक धोका मात्र ठळक सांगून ठेवतो. कधी रक्ताचे जुलाब सुरू झाले आणि आतड्याला सूज आहे म्हणून कुणी स्टेरॉइड देऊ लागलं, तर आधी विचारा, ‘अमीबा नाही ना, हे पाहिलंय?’ खऱ्या अमिबिक आतड्यावर स्टेरॉइड पडलं तर आतड्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. जुलाब अमीबाचे समजून उगाच मेट्रो घेण्याची चूक महागात पडते ती पैशात, वारंवार झाली तर नसांनाही. ही चूक जिवावर बेतते.

चुलत सासऱ्यांच्या गळवाची भीती समजू शकतो, पण ते या वाटेने येत नाही. अठरा वर्षं गुरगुरून मग लिव्हरमध्ये गळू, असं होत नाही. ते बहुधा थंडी-ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, कधी उजवा खांदा दुखणं, असं काही दिवसांत उभं राहतं. त्या वेळी अनेकांना जुलाब नसतातच, संडासच्या तपासणीतही काही सापडत नाही. सोनोग्राफी आणि रक्ताची चाचणी यांनी ते कळतं (अँटिबॉडीची चाचणी इथे मात्र उपयोगी). बायकांपेक्षा पुरुषांमध्ये साधारण दसपट, आणि दारू पिणाऱ्यांत जास्त. बहुतेक गळवं नुसत्या मेट्रोनेच बरी होतात. फार मोठं असेल, फुटायच्या बेतात असेल किंवा औषधाला दाद देत नसेल तर सुई घालतात, आणि चॉकलेटी रंगाचा पू निघतो. सासऱ्यांना तो बघितल्याचं आठवत असेल. तो विसरत नाही कुणी. त्यांना नंतर पोकळीतलं औषध दिलं होतं का, एवढं मात्र विचारा. आणि सोनोग्राफीत गळवाची पोकळी पुढे कित्येक महिने दिसत राहते, माणूस बरा असला तर तिच्यामागे लागायचं नसतं.

सासूबाईंना सांगा, जंताचं औषध घरात सगळ्यांनी एकदम घ्यावं हा त्यांचा अनुभव जंतांच्या बाबतीत चुकीचा नाही. पण जंत म्हणजे कृमी, अनेक पेशींचे. अल्बेंडॅझॉलने अमीबाचं काहीही बिघडत नाही. कुड्याची साल किंवा कुटजारिष्ट घरात असेल तर मी त्याला नावं ठेवणार नाही, कुड्यातल्या द्रव्यांचा अमीबावर परिणाम प्रयोगशाळेत दिसलेला आहे. फक्त ताप किंवा रक्त असेल तेव्हा त्यावर विसंबू नका.

राहिल्या मावशी. ताई, पोळी तव्यावर भाजली जाते, तिथे सिस्ट जगत नाही. संशय घ्यायचाच तर तव्यावरून उतरल्यावर तूप लावणाऱ्या हातावर घ्यावा लागेल, आणि तो हात तुमच्याकडे कुणाचा असतो ते तुम्हालाच माहीत. एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून, तोही कुठला ते ठाऊक नसताना, बाईंची रोजी काढून घेऊ नका. पाणीपुरी, ऑफिसचा पाण्याचा जार, लग्नातली चटणी, पावसाळ्यात गढूळ आलेलं नळाचं पाणी, अठरा वर्षांत शंभर वाटा होऊन गेल्या. स्वयंपाकघराच्या बेसिनवर साबणाची वडी आणि नखांचा ब्रश ठेवा, सगळ्यांसाठी. आणि मावशींना सांगा की जुलाब होत असतील त्या दिवशी येऊ नका, पगार कापणार नाही. दुसरा अर्धा भाग बोलला नाहीत तर पहिल्याला अर्थ नाही. त्या येतीलच, जुलाब लपवून.

पाणी उकळा. क्लोरीनच्या नेहमीच्या मात्रेला सिस्ट जुमानत नाही, खळखळ उकळी एक मिनिट आली की मरते.

आणि कोशिंबीर सुरू करा. काकडी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, मग साल काढा, आणि पानं वाढायच्या वेळीच चोचवा. कोथिंबिरीची जुडी सोडून काड्या सुट्या करून धुवा, माती बुडाशी असते. यजमानांना पहिले काही दिवस थोडीच वाढा. दाण्याचं कूट किती घालायचं यात मी पडत नाही. आमच्याकडे त्यावरून वाद आहेत.